शेवटच्या पंगतीचं मीठ

जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर घटकाभर पडावं, असं शास्त्र सांगतं, आणि उमाकांत वाणी शास्त्र मोडणाऱ्यांतला नाही. तो कुठलाच नियम मोडत नाही. सरकारी डॉक्टर म्हणून नोकरीला लागला तो नाकासमोर चालत राहिला, ना कुणाशी वाद, ना कुणाची तक्रार, आणि चालता चालता जिल्ह्याच्या लसीकरणाचा प्रमुख झाला. लोक याला चांगुलपणा म्हणतात. उमाकांतला अलीकडे त्याला दुसरंच काही नाव द्यावंसं वाटतं, पण ते नाव ओठांवर येण्याआधीच तो कूस बदलतो.

आज तो दुपारचा घरी जेवायला आला आहे, कारण संध्याकाळी बैठक आहे. नव्या तापावरच्या लसीचा दुसरा साठा जिल्ह्यात पोहोचला आहे. तो आधी कोणत्या तालुक्यांना द्यायचा ते आज ठरेल. ठरेल म्हणजे काय, उमाकांत जो तक्ता पुढे ठेवेल त्यावर सगळे मान डोलावतील. पहिल्या साठ्याच्या वेळीही तसंच झालं होतं. तक्ता तयार आहे. तो मागचाच आहे, फक्त तारीख बदलायची.

जेवताना त्याचं लक्ष नव्हतं. दहीभातावर मीठ हवं होतं म्हणून त्याने बायकोपुढे तळहात केला, तर ज्योत्स्नाने मिठाची वाटी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"हातावर मीठ देऊ नये. भांडण होतं."

"आपलं कधी भांडण झालंय?"

"नाही ना? मग होऊ पण नये," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

आता ती तिथे भांडी पुसून फळीवर लावते आहे. खोलीचा पडदा ओढलेला आहे, पंखा फिरतो आहे. एक भांडं ठेवल्याचा आवाज येतो. दुसऱ्याचा जरा उशिरा येतो. तिसऱ्याचा त्याहून उशिरा. पुढचा आवाज येईल म्हणून उमाकांत कान देऊन पडून राहतो, आणि तो येतच नाही.

"सरक रे वाण्या," कुणीतरी म्हणतं. "सगळी खाट अडवून पडलायस."

उमाकांत सरकतो. मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलात हेच वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकलं आहे की डोळे न उघडताच अंग भिंतीकडे जातं. भिंत हॉस्टेलचीच आहे, पोपडे आलेली, त्यांतला एक पोपडा गाढवाच्या कानासारखा. मग खाट कुरकुरते, पायाशी कुणीतरी बसतं, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात येतं की आवाज सायसिंगचा आहे.

डॉक्टर सायसिंग वसावे. हॉस्टेलातल्या खोलीतला सोबती. खडकघाट तालुक्यातल्या डोंगरातून आलेला, घोरणारा, पत्त्यांत सर्रास लबाडी करणारा, चहात साखर कमी पडली तर तोंड वाकडं करणारा. डॉक्टर झाल्यावर बाकीचे शहराच्या दिशेने पळाले, तर हा नेमणूक मागून घेऊन आपल्याच डोंगरात, आंबाबारीच्या आरोग्य केंद्रात जाऊन बसला. गेल्या महिन्यात तो या तापाने गेला. उमाकांतला ते स्वप्नातही चांगलं आठवतं आहे. पण खाटेवर जागा मागणाऱ्याला तू मेला आहेस ना, असं विचारणं काही बरं दिसत नाही.

"कसा आहेस?" तो त्याऐवजी विचारतो.

"आहे तसाच. दम लागत नाही आता." सायसिंग शर्टाच्या बाह्या वर दुमडतो. ही त्याची जुनी सवय, काम असो नसो. "चहा आहे का?"

"ज्योत्स्ना करेल ना."

"नको. तिला उगाच त्रास. चल, जेवायलाच जाऊ."

दोघे उठतात. हॉस्टेलचा लांबलचक व्हरांडा आहे आणि त्याच्या भिंतीला लागून लस ठेवायचे फ्रिज ओळीने उभे आहेत, सगळे एका सुरात गुणगुणत. फरशी गार आहे. उमाकांतच्या पायांत काही नाही. तो सायसिंगच्या मागून चालतो, आणि पाठ दिसते तोवर त्याला बरं वाटतं, कारण पाठीकडे बघताना नजर द्यावी लागत नाही.

नजर का देववत नाही, ते सांगायला हवं.

पहिला साठा आला तेव्हा तो सगळ्यांना पुरणारा नव्हता. कुणाला आधी, हे ठरवायला काहीतरी मोजमाप हवं होतं. आजार जास्त तिथे आधी, असं कुणीतरी म्हणालं. पण डोंगरात तपासण्याच कमी, त्यामुळे कागदावर आजारही कमी. मग उमाकांतने सुचवलं की ज्या तालुक्यात आजवर लस कमीत कमी वाया गेली, त्याला आधी द्यावी. इतकी मोलाची लस, सांडलवंड परवडणार नाही. सगळ्यांना एकदम पटलं. ऐकायला फार शहाण्यासारखं होतं ते.

पण लस वाया कशी जाते? लहान मुलांच्या लसीची बाटली बोटाएवढी असते आणि तिच्यात पुष्कळ मुलांची लस मावते. एकदा उघडली की काही तासांत संपवायची, उरली तर फेकून द्यायची. मोठ्या गावात मुलांची रांग असते, बाटली संपून जाते. डोंगरातल्या पाड्यावर एखादी आई एखादं मूल घेऊन येते. एक मूल आलं तरी बाटली उघडायची, असा नियम आहे. सायसिंग तो पाळायचा. एका मुलाला टोचायचा, उरलेली फेकायचा, आणि वाया गेलेली लस खरीखरी लिहायचा. खाली सपाटीवर काही केंद्रांत आयांना सांगतात, आज जा, मुलं जमली की या. त्यातल्या कितीतरी पुन्हा येतच नाहीत. तिथे लस वाया जात नाही, मुलं जातात, आणि त्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

हे उमाकांतला माहीत होतं. खालच्या कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तक्ता झाला, खडकघाट तळाला गेला आणि देवनांद तालुका सगळ्यांत वर आला. देवनांद हे ज्योत्स्नाचं माहेर. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं, हे अगदी खरं. पण आकडा सोयीचा निघाला की माणूस बेरीज पुन्हा तपासत नाही, हेही तितकंच खरं.

"इथून," सायसिंग म्हणतो, आणि शेवटच्या फ्रिजचं झाकण उचलतो.

आत भात आहे. पांढरा, मोकळा, वाफाळता, काठोकाठ. उमाकांतच्या हातात कुणीतरी बादली आणि वगराळं दिलेलं आहे. तो बादली भरून घेतो. कंबरेला पंचा गुंडाळलेला आहे, वाढप्यासारखा, आणि त्याला त्याचं काही नवल वाटत नाही.

"कसली पंगत आहे?"

"माझ्या दिवसकार्याचं जेवण," सायसिंग म्हणतो. "तू आला नाहीस तिकडे, म्हणून इथे मांडली."

उमाकांतच्या कानशिलांना चटका बसतो. त्या दिवशी बैठक होती. बैठक होती हे खरं आहे. त्याने निरोप पाठवला होता, माणूस पाठवला होता, चार ओळी लिहून दिल्या होत्या, त्यात 'भरून न येणारी पोकळी' असंही लिहिलं होतं. यातलं काहीही आता बोलण्यासारखं नाही.

"बैठक होती रे," तो तरीही बोलतो.

"असणारच. चल, लोक बसलेत."

कलेक्टर ऑफिसचं सभागृह आहे. लांब टेबल नाही, खुर्च्या नाहीत, पाण्याच्या बाटल्या नाहीत. जमिनीवर पळसाच्या पत्रावळी मांडल्या आहेत आणि लोक मांडी घालून बसले आहेत. भिंतीवर तालुक्यांचा नकाशा मात्र जागच्या जागी आहे. पहिल्या पंगतीत देवनांदची माणसं. बरीचशी ओळखीची, लग्नकार्यात भेटणारी. अगदी सुरुवातीला त्याचे सासरे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"या जावईबापू," ते म्हणतात. "जरा हात सैल सोडा."

उमाकांत वाढतो. सासऱ्यांच्या पानात वाढतो, मेहुण्याच्या पानात वाढतो. भाताची मूद चांगली उंच होते. पुढच्या पानावर जायला हवं, पण सासरे म्हणतात, "आणखी थोडा," आणि तो आणखी थोडा वाढतो. कोण नको म्हणतं? आपल्या माणसाच्या पानावर हात आखडता घेणारा वाढपी अजून जन्माला यायचा आहे. पहिली पंगत संपते, दुसरी संपते. लोक तृप्तपणे एकमेकांशी बोलत आहेत. कुणीतरी त्याच्या नेटकेपणाचं कौतुकही करतं. एक शीत बाहेर सांडलं नाही, म्हणतं.

बादली हलकी लागायला लागते तेव्हा तो वर बघतो. पंगत संपलेली नाही. सभागृहाच्या दारातून ती बाहेर गेली आहे आणि घाट चढते आहे. वळणावळणाने, रस्त्याच्या कडेकडेने माणसं बसली आहेत. प्रत्येकापुढे पान आहे. प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला मीठ वाढलेलं आहे, शेजारी लिंबाची फोड आहे, बाकी पान कोरडं आहे.

पानात मीठ पडलं म्हणजे मागोमाग भात येणारच, असा पंगतीचा विश्वास असतो. आणि सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कुणी पानात हात घालत नाही. म्हणून घाटातली माणसं गप्प आहेत. ती रागावलेली नाहीत, हेच उमाकांतला सोसत नाही. ती नुसती ताटकळली आहेत, लेकरांचे हात धरून, पदराने पानावरच्या माश्या हाकत.

खडकघाटला पहिल्या खेपेला काय काय गेलं होतं, ते त्याला आठवतं. सिरिंज गेल्या. कापूस गेला. हात धुण्याचं औषध गेलं, लस घ्या असं सांगणारी मोठी रंगीत पोस्टरं गेली. लस गेली नाही. तेव्हाच सायसिंगचा फोन आला होता.

"वाण्या, सगळं आलं रे. नवरदेव तेवढा यायचा आहे."

"पुढच्या साठ्यात नक्की."

"इथे पाड्यांवर ताप फिरतोय. माझ्या दोन्ही नर्स पडल्यात. लिहून पाठवलंय मी, वाचलंस का?"

"वाचलं. पण वेस्टेज बघून क्रम लावलाय रे. तुझी टक्केवारी फार आहे." एवढं बोलून उमाकांतला स्वतःचाच आवाज ऐकवेना, म्हणून तो पुढे घाईने म्हणाला, "तू असं कर. तू एकटा खाली ये. मी तुला देवनांदमध्ये टोचून टाकतो. कुणाला कळणार नाही."

सायसिंग हसला होता. "वाढपी ओळखीचा आहे म्हणून पंगत सोडून मुदपाकखान्यात येऊ होय?"

"बघ बुवा," उमाकांत म्हणाला होता आणि फोन ठेवला होता. ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं होतं. आपण आपल्याकडून विचारलं, तो नाही म्हणाला, आपण सुटलो. सायसिंग गेल्याचं कळलं तेव्हा त्याला आधी हे हलकं वाटणंच आठवलं. या सगळ्या प्रकरणात कुठल्या गोष्टीची लाज सर्वांत जास्त वाटते असं कुणी विचारलं, तर तो तक्त्याचं नाव घेणार नाही. ते हलकं वाटलं होतं, त्याची.

तो घाट चढतो आहे. वगराळं बादलीच्या बुडाला घासतं आहे. एका पानात थोडं पडतं, पुढच्यात त्याहून थोडं. मग तो शितं वेचून टाकायला लागतो. मग बादली उलटी करून बुडावर थापटी मारतो, आणि एक लहान मुलगी आपलं पान दोन्ही हातांनी उचलून त्या उलट्या बादलीखाली धरते. काही पडत नाही. ती पान पुन्हा खाली ठेवते आणि कडा नीट करते.

"पुढच्या खेपेला," तो तिला म्हणतो. ती मान हलवते. तिला पटलं आहे. त्यामुळेच तो पुढे पळत सुटतो.

शेवटचं पान एका झोपडीच्या ओट्यावर आहे. ओटा त्याच्या ओळखीचा आहे. सारवलेला, कडेला मोहाचं झाड, खाली दरी. शिकाऊ डॉक्टर असताना सायसिंग त्याला इथे घेऊन आला होता. हे सायसिंगचं घर. पानावर सायसिंगच बसला आहे, बाह्या दुमडून, आणि शेजारच्या पानावर त्याची आई, भुरीबाई. ती जिवंत आहे. वरच्या पाड्यावर आता एकटीच राहते, असं दिवसकार्याला पाठवलेल्या माणसाने येऊन सांगितलं होतं. ती उमाकांतकडे बघून हसते, दात नसलेल्या तोंडाने, आणि पानाशेजारची जागा पदराने झाडते.

"बस बाबा," ती म्हणते. "उन्हातून आलास."

तो बसू शकत नाही. बादली मागे लपवतो.

"आई आजारी आहे का?" तो सायसिंगला हळूच विचारतो.

"अजून तरी नाही. ताप खालच्या पाड्यापर्यंत आलाय." सायसिंग मोहाच्या झाडाकडे बोट करतो. "आठवतं?"

आठवतं. याच झाडाखाली त्यांनी लसीचं ठाण मांडलं होतं. सगळी सकाळ कुणी आलं नाही, आणि मग एक बाई आली, कडेवर एकच मूल. उमाकांत म्हणाला होता, जरा थांबू, आणखी जमू देत. सायसिंगने बाटली उघडली होती. मूल रडलं, बाईने ते छातीशी धरलं आणि आल्या वाटेने निघून गेली. उरलेली सगळी फेकावी लागली.

"तुझा जीव तुटत होता," सायसिंग म्हणतो. "वाण्याचं पोर, एक थेंब वाया गेलेला बघवत नव्हता तुला. म्हणालास, बाटली फुकट गेली. मी काय म्हणालो होतो?"

उमाकांतला ते शब्द न् शब्द पाठ आहेत. "म्हणालास, बाटली फुकट जाऊ दे. बाई फुकट आली नाही."

"आणि रात्री तूच रजिस्टरवर लिहिलंस, किती वाया गेली ते. मी म्हटलं, थोडं कमी लिही, वरून बोलतील. तू म्हणालास, खरं लिहायचं. तुझ्यामुळे लागली ती सवय मला." सायसिंग हसतो. त्यात टोमणा नाही. टोमणा असता तर उमाकांतला धरायला काहीतरी मिळालं असतं. "जन्मभर खरं लिहिलं मी. तू वाचशील म्हणून."

दरीतून वारा येतो आणि पानं फडफडतात. मिठामुळे ती उडत नाहीत.

"मला माहीत होतं," उमाकांत म्हणतो. हे वाक्य त्याने जागेपणी कुणालाच म्हटलेलं नाही, ज्योत्स्नाला नाही, आरशालाही नाही. "तो आकडा तुझ्या खरेपणाचा आहे हे मला तेव्हाच दिसत होतं, साया. पण बोललो असतो तर सगळा तक्ता उलटा झाला असता. देवनांद खाली गेलं असतं. मग कुणी विचारलं असतं, तुम्हीच तर सुचवलं होतं. वाद झाला असता."

"झाला असता."

"मला वाद जमत नाही."

"ठाऊक आहे. पत्त्यांत मी इतकी लबाडी करायचो, तुला दिसत असूनही तू बोलायचा नाहीस. मला वाटायचं, मोठ्या मनाचा आहे." सायसिंग आपल्या पानाकडे बघतो. "तुला नुसतं भांडण नको असायचं."

उमाकांतला तोंड लपवायला जागा नाही. भुरीबाई कानाने अधू, तिला हे हळू बोलणं ऐकू जात नाही, म्हणून ती मधूनच त्याच्याकडे बघून प्रेमाने हसते, आणि दर वेळी त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. तिचं पानही कोरडंच आहे. तिने पान धुऊन, पुसून, नीट समोर ओढून घेतलं आहे.

"तुम्ही खा ना," तो तिला मोठ्याने म्हणतो. किती मूर्खपणाचं बोललो, हे बोलता बोलताच त्याला कळतं.

"सगळ्यांचं वाढून होऊ दे," भुरीबाई म्हणते. "मग बसू संगतीनं."

सायसिंग आपल्या पानातलं मीठ चिमटीने गोळा करतो. खडेमीठ आहे, जाडं, मळकट, डोंगरातल्या बाजारात पोत्यातून विकतात तसं. ते सगळं तो मुठीत घेतो आणि मूठ उमाकांतपुढे करतो.

"हात कर."

उमाकांतचा उजवा हात आपोआप पुढे होतो, आणि मग मागे येतो. "हातावर मीठ देऊ नये. भांडण होतं."

"म्हणूनच देतोय."

"तुझ्याशी भांडू? आता?"

"माझ्याशी भांडून काय मिळणार तुला. मी उठलो पानावरून." सायसिंग त्याचा हात धरून ओढतो. त्याची बोटं गरम आहेत, ताप असल्यासारखी, आणि हेच पहिल्यांदा उमाकांतला भीतीदायक वाटतं. "मला हे मीठ आता नको. आईच्या पानात भात पडला पाहिजे. तिथे बैठकीत बसून कुणीतरी तोंड उघडलं पाहिजे, आणि मला काही येता येणार नाही. जा तू."

"मी एकटा बोलून काय होणार?"

"हे फोनवर मला वाटलं होतं," सायसिंग म्हणतो. "एकटा येऊन काय होणार."

तो मीठ उमाकांतच्या तळहातावर ओततो, त्याची बोटं एकेक करून मिटवतो, आणि मिटलेल्या मुठीवर आपला तापलेला हात दाबून धरतो. मीठ टोचतं. भुरीबाई काहीतरी विचारते आहे, हातवारे करून, बहुतेक हा जेवला का म्हणून. मोहाखाली कुणीतरी भांडं ठेवतं. मग दुसरं भांडं ठेवतं. तिसऱ्याचा आवाज अगदी जवळून येतो.

पडदा, पंखा, छत. उमाकांत डाव्या कुशीवर आहे. गाल ओला आहे आणि उशीही. फोन वाजतो आहे, तो बहुधा मघापासून वाजत असावा. तो डाव्या हाताने उचलतो. ऑफिसातल्या पगारेबाई आहेत.

"सर, मागचाच तक्ता ना? तारीख बदलून प्रती काढते मग."

"नको," तो म्हणतो.

"सर?"

"प्रती काढू नका, पगारेबाई. क्रम बदलायचा आहे. खडकघाट वर घ्यायचा आहे."

पलीकडे थोडी चुळबुळ. "पण सर, वेस्टेज बघितलं तर खडकघाट... आणि सगळ्यांना तोंडी सांगून झालंय. देवनांदहून तर लस न्यायला गाडीसुद्धा निघाली. साहेब विचारतील, मागच्या वेळी तुम्हीच हे माप लावलं होतं."

"हो, मीच लावलं होतं," उमाकांत म्हणतो. "तेच सांगायचं आहे त्यांना. येतोच मी."

फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटत नाही. साहेबांचा चेहरा दिसतो, इतरांच्या वर गेलेल्या भुवया दिसतात, सासऱ्यांचा संध्याकाळी येणारा फोन आत्ताच ऐकू येतो. बोलताना आपली जीभ अडखळणार आहे, हेही त्याला माहीत आहे. आणि हे सगळं पहिल्या वेळी केलं असतं, तर आज ते भूषण ठरलं असतं. आता ती नुसती कबुली आहे, तीही एक माणूस गेल्यावरची.

ज्योत्स्ना चहा घेऊन येते. तो डाव्या हाताने कप घेतो.

"डाव्या हाताने काय घेताय? उजव्याला काय झालं?"

तेव्हा त्याचं उजव्या हाताकडे लक्ष जातं. मूठ घट्ट वळलेली आहे, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली आहेत. ती उघडायला त्याला कष्ट पडतात. तळहाताच्या रेषांमध्ये, घामाने अर्धवट विरघळलेले, जाड मळकट खडे आहेत. त्यांच्याभोवती कातडी लाल झाली आहे.

ज्योत्स्ना वाकून बघते. एक खडा बोटाने उचलते आणि उजेडात धरते. तिच्या स्वयंपाकघरात पिशवीतलं बारीक पांढरं मीठ असतं, दुसरं ती कधी आणत नाही. ती जेवणघराच्या दाराकडे बघते, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे, आणि तिचा आवाज खाली येतो.

"अहो, हे हातावर कुणी दिलं तुम्हाला?"

तो मूठ पुन्हा मिटतो, चहा तसाच ठेवतो आणि पायाने चपला चाचपतो.

"आता भांडण होईल," ती म्हणते.

"हो," उमाकांत म्हणतो. "त्याला उशीरच झालाय."